परदेशात कर्णबधिर आणि दिव्यांग मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून जायचंय? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विशेष शिक्षिका आहे. कोल्हापुरात बरीच वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलं, मग नेपाळमधल्या एका निवासी शाळेत दहा महिने स्वयंसेवक म्हणून राहिले. परत आल्यापासून कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडच्या मुलामुलींचे फोन येतात. कुणी कॉलेजात असतं, कुणी फिजिओथेरपी शिकत असतं, कुणी नोकरीतून वर्षभर सुट्टी काढायच्या विचारात असतं. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

ताई, मला मुलं खूप आवडतात. एवढं पुरेसं आहे का?

नाही. मुलं आवडत नसतील तर जाऊच नका, पण आवडतात एवढ्यावर तिथं भागत नाही. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्याशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलणार आहात? ज्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही, तिला जेवण भरवताना मान मागे झुकली तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. तिला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून भरवावं लागतं, हे तुम्हाला कुणी करून दाखवलंय का? प्रेमाने भरवणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातून ठसका लागलेलं मूल मी पाहिलंय. त्या दिवसापासून या प्रश्नाला मी गुळमुळीत उत्तर देत नाही.

हे शिकता येतं, आणि त्याला फार मोठी पदवी लागते असंही नाही. पण ते निघण्याआधी शिकायचं असतं. त्या मुलावर सराव करत शिकायचं नसतं.

परदेशातच कशाला? कोल्हापुरात काम नाही का?

आहे, आणि माझा आग्रह असा की आधी सहा महिने इथं काम करा. आपल्या गावाला या कामाचा वारसा आहे. नसीमा हुरजूक यांना आपण सगळे नसीमादीदी म्हणतो. त्यांना ऐन तारुण्यात पाठीच्या कण्याच्या आजारामुळे चाकाची खुर्ची घ्यावी लागली. १९८४ साली त्यांनी सोबत्यांना घेऊन ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि उचगावच्या वसतिगृहातून कितीतरी मुलं शिकून स्वतःच्या कमाईवर उभी राहिली. शेंडा पार्कला ‘चेतना’ची बौद्धिक अक्षम मुलांची शाळा आहे. जिल्ह्यात कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. यातल्या कुठल्याही दारात जाऊन ‘मी आठवड्याला दोन दिवस येईन, सांगाल ते करीन’ म्हणा. चादरींच्या घड्या घालायला सांगितलं तर घड्या घाला.

सहा महिने टिकलात तर तुमचं तुम्हालाच कळेल. माझ्याकडे आलेल्यांपैकी काहींनी याच टप्प्यावर परदेशाचा विचार सोडला आणि इथंच रमले. त्यात कमीपणा काहीच नाही.

तरी परदेशी जाण्याला अर्थ आहेच. नेपाळच्या डोंगरातल्या, आफ्रिकेतल्या छोट्या गावातल्या शाळांना प्रशिक्षित माणूस मिळणं फार अवघड जातं. युनिसेफच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २४ कोटी मुलं कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगतात, आणि त्यातली बरीच अशाच ठिकाणी आहेत. शिवाय आपल्याकडचा माणूस टंचाईत काम करायला सरावलेला असतो. वीज गेली, साहित्य आलं नाही, पावसात रस्ता वाहून गेला, तरी तो वर्ग चालवतो. युरोपातल्या स्वयंसेवकाला ज्या गोष्टीचा धक्का बसतो, ती आपण पन्हाळ्याच्या पलीकडच्या वाडीत पाहिलेली असते.

दोन आठवड्यांची सुट्टी आहे. चालेल का?

मुलांसोबत थेट काम करायचं असेल तर नाही. दोन आठवड्यांत मुलांना तुमचा चेहरा ओळखीचा होतो आणि तेवढ्यात तुम्ही निघता. मग नवीन कुणी येतं. वर्षात असे दहा-बारा चेहरे बदलले की मूल एक तर येईल त्याच्या गळ्यात पडायला लागतं, नाही तर कुणाच्याच जवळ जात नाही. नेपाळमधल्या शाळेत आठ वर्षांचा एक मुलगा पहिले पाच आठवडे माझ्याकडे बघायचाच नाही. बघून काय उपयोग, ही जाणारच, असा त्याचा अनुभव होता.

कमीत कमी तीन महिने, जमलं तर सहा ते बारा. दोनच आठवडे असतील तर मोठ्यांसाठी काही करा: श्रवणयंत्रांची दुरुस्ती, शिक्षकांसाठी कार्यशाळा, नळजोडणी, संगणक बसवून देणं. जयपूर फूट या कृत्रिम पायाचे तंत्रज्ञ परदेशांत शिबिरं घेतात ती थोड्या दिवसांचीच असतात, पण ते हातात कसब घेऊन जातात आणि माणूस स्वतःच्या पायावर चालत घरी जातो. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून हा पाय घडवला. उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं हे ध्यानात ठेवून तो बनवल्यामुळे गरीब देशांत चालला. थोड्या दिवसांत मोठं काम होतं ते असं.

खुणांची भाषा जगभर एकच असते ना?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि सगळ्यात मोठा गैरसमज. जागतिक कर्णबधिर महासंघाच्या म्हणण्यानुसार जगात ३०० हून अधिक सांकेतिक भाषा आहेत. त्या कुणी बसून ठरवलेल्या नाहीत. मराठी, कन्नड जशा माणसांत राहून घडल्या तशाच याही घडल्या, आणि त्यांना स्वतःचं व्याकरण आहे. बोलली जाणारी भाषा एक असली तरी हातांची भाषा वेगळी असू शकते: ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी, पण तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा सहज कळत नाहीत.

ती कशी घडते याचं सर्वांत सुंदर उदाहरण निकाराग्वातलं. तिथं १९७७ नंतर राजधानी मानाग्वात कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच शाळेच्या निमित्ताने मोठ्या संख्येनं एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, त्यात यश येत नव्हतं. पण मुलांनी मैदानात, बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून बोलायला सुरुवात केली, आणि पुढे आलेल्या लहानग्यांनी त्यातून अख्खी भाषा उभी केली. मोठ्यांपैकी कुणी ती शिकवली नव्हती. भाषाशास्त्रज्ञ अजून तिचा अभ्यास करतात.

घानामध्ये गेलात तर तिथल्या खुणा अमेरिकन खुणांच्या जवळच्या दिसतील. त्याचं कारण अँड्र्यू फॉस्टर हा माणूस. तो स्वतः कर्णबधिर होता, आणि वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजातून १९५४ साली पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. १९५७ मध्ये त्याने घानात शाळा काढली आणि पुढे आफ्रिकेतल्या १३ देशांत ३२ शाळा उभ्या केल्या. त्याच्यासोबत त्याची भाषाही तिकडे गेली. त्याच घानातल्या अडामोरोबे नावाच्या गावाची मात्र स्वतःची जुनी सांकेतिक भाषा आहे. म्हणजे एका देशातसुद्धा एकच भाषा असेल असं धरून चालू नका.

नेपाळमध्ये माझी गंमतशीर अडचण झाली. लिपी देवनागरी, त्यामुळे फळ्यावरचं सगळं वाचता यायचं. पण आपल्याकडे इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात, आणि नेपाळी सांकेतिक भाषेत देवनागरी अक्षरं एका हाताने. ‘क’ मला पहिलीपासून येतो, तो हातावर आणायला चौथीतल्या एका मुलीने शिकवलं. तीन आठवडे मी तिची विद्यार्थिनी होते. तिच्याएवढी कडक शिक्षिका मला आयुष्यात मिळाली नाही.

मग आधी भारतीय सांकेतिक भाषा शिकून उपयोग काय?

खूप उपयोग. एक भाषा आली की डोळ्यांनी ऐकायची सवय लागते. समोरच्याच्या हातांकडे नाही, चेहऱ्याकडे बघायचं. खूण मात्र नजरेच्या कडेने टिपायची. भुवया वर गेल्या की ‘हो की नाही’ विचारलंय हे बऱ्याच सांकेतिक भाषांत सारखं असतं. लक्ष वेधायला हात हलवायचा, खांद्याला हलकेच हात लावायचा, दिवा चालू-बंद करायचा, लाकडी जमिनीवर पाय आपटायचा. दोन माणसं खुणांनी बोलत असतील तर मध्ये उभं राहायचं नाही. हे सगळं कुठंही चालतं.

शिकायला दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. ते २०१५ साली सुरू झालं. त्यांचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत, आणि त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट बघता येतात. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही योजनेची ३१ नंबरची वाहिनीसुद्धा खास सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पण खरं शिकायचं ते माणसांकडून. कोल्हापुरातले कर्णबधिर तरुण संध्याकाळी कुठं जमतात ते विचारा, ओळख काढा, त्यांच्यात जाऊन बसा. सुरुवातीला काही कळणार नाही. तरी बसा.

मी स्वतः कर्णबधिर आहे. मला जाता येईल का?

सगळ्यांत आधी तुम्हीच जायला हवं!

कारण सांगते. अमेरिकेतले अभ्यास सांगतात की कर्णबधिर मुलांतली दहापैकी नऊहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, आणि आपल्याकडेही मी बहुतेक तेच पाहिलंय. म्हणजे मूल अशा घरात वाढतं जिथं त्याच्यासारखं कुणीच नाही. काही मुलांनी मोठा कर्णबधिर माणूस पाहिलेलाच नसतो. नेपाळच्या शाळेत एका मुलीने मला विचारलं होतं, मोठी झाल्यावर मला ऐकू यायला लागेल ना? शाळेत तिने पाहिलेली सगळी मोठी माणसं ऐकणारी होती. पुढे काठमांडूहून एक कर्णबधिर शिंपी आले आणि त्यांनी तिला स्वतःचं दुकान, बायको, मुलं फोनवर दाखवली. मी दहा महिन्यांत जे सांगू शकले नसते ते तिला त्या अर्ध्या तासात कळलं.

शिवाय दोन वेगवेगळ्या देशांतले कर्णबधिर एकमेकांशी जितक्या लवकर जुळवून घेतात, तितकं ऐकणाऱ्यांना जमत नाही. पहिल्याच दिवशी तुमचं बोलणं सुरू होईल. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांना, अंध असणाऱ्यांनाही हेच सांगते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्वयंसेवक योजनेत दिव्यांग उमेदवारांसाठी वेगळ्या जागा निघतात, त्यावर लक्ष ठेवा. घरी ‘तुला झेपणार नाही’ म्हणतील. त्यांना घेऊन एकदा उचगावला जाऊन या.

कोणत्या संस्थेमार्फत जावं? पैसे मागतात, ते योग्य का?

संयुक्त राष्ट्रसंघाचा स्वयंसेवक विभाग नोंदणीचे पैसे घेत नाही, उलट राहण्या-जेवण्यापुरता भत्ता देतो. पण तिथं स्पर्धा मोठी असते आणि बहुतेक जागांना अनुभव लागतो. ब्रिटनची व्हीएसओ ही परदेशात स्वयंसेवक पाठवणारी १९५८ पासूनची जुनी संस्था. अमेरिकेची पीस कॉर्प्स केनिया आणि घानात कर्णबधिर शाळांवर शिक्षक पाठवत आली आहे, पण ती फक्त अमेरिकन नागरिकांसाठी. याबद्दल विचारणारे बरेच जण असतात, म्हणून लिहिलं.

बाकी ज्या असंख्य कंपन्या ‘स्वयंसेवा सहल’ विकतात, त्यांच्याबाबत डोळे उघडे ठेवा. राहण्या-जेवण्याचा खर्च मागणं गैर नाही, गरीब शाळेने तुम्हाला फुकट का पोसावं? पण पैसा कुठं जातो ते लेखी विचारा. मीही पहिल्यांदा एका मध्यस्थाला पैसे दिले होते. तिथं पोचल्यावर कळलं की शाळेला त्यातला एक रुपयाही मिळाला नव्हता, आणि मुख्याध्यापकांना मी येणार हेसुद्धा दोन दिवस आधी कळलं होतं. त्या शाळेत पाहुणी म्हणून जेवताना माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मध्यस्थाला तीन गोष्टी विचारा. शाळेच्या प्रमुखांशी निघण्याआधी व्हिडिओवर बोलता येईल का? माझा पोलीस दाखला मागणार आहात का? मी जे काम करणार ते आत्ता कोण करतंय? दुसऱ्या प्रश्नाला ‘गरज नाही’ असं उत्तर आलं तर तिथंच फोन ठेवा. ज्यांना तुम्ही कोण आहात याची चौकशी करावीशी वाटत नाही, त्यांना मुलांची काळजी नाही. तिसऱ्या उत्तरातून तुम्ही एखाद्या स्थानिक बाईची नोकरी तर घेत नाही ना, हे कळेल.

अनाथाश्रमात काम मिळतंय, जाऊ का?

नको. हे उत्तर अनेकांना कठोर वाटतं, म्हणून कारण सविस्तर सांगते. नेपाळ, कंबोडिया अशा देशांत तपासणी झाली तेव्हा अनाथाश्रमातल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघंही, जिवंत असल्याचं दिसून आलं. नेपाळमधल्या हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं काठमांडूत आणली, आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर धंदा चालवला. पाहुणे येत राहिले म्हणून मुलांची मागणी वाढली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यापाराची दखल घेतली, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही आपल्या ठरावात अशा स्वयंसेवा पर्यटनाबद्दल इशारा दिला.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत तर घरातून बाहेर काढणं आणखी सोपं असतं, कारण आईबाप आधीच थकलेले असतात. म्हणून दिवसाची शाळा, पुनर्वसन केंद्र, घरोघरी जाणारी फिजिओथेरपी अशी कामं निवडा. निवासी शाळा असेल तर मुलं सुट्टीत घरी जातात का, पालक भेटायला येतात का हे विचारा.

कोणता देश निवडावा?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नेपाळ किंवा श्रीलंका सुचवते. अंतर कमी, खर्च कमी, जेवणखाण ओळखीचं. श्रीलंकेत रत्मलानाची कर्णबधिर आणि अंध मुलांची शाळा १९१२ पासून आहे, आपल्या खासबाग मैदानाच्या वयाची. आफ्रिकेत केनिया चांगला: तिथल्या २०१० च्या राज्यघटनेने केनियन सांकेतिक भाषेला संसदेच्या अधिकृत भाषांत स्थान दिलं, त्यामुळे या भाषेची समाजात कदर आहे.

पासपोर्ट आणि व्हिसाचं काय?

पासपोर्टसाठी आता पुण्याला जावं लागत नाही, कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. पोलीस दाखलाही पासपोर्ट सेवेच्याच संकेतस्थळावरून मागता येतो, फी ५०० रुपये. घर नुकतंच बदललं असेल तर पोलीस पडताळणीत वेळ जातो, म्हणून तीन-चार महिने आधी लागा.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं, बाकीच्यांना नाही; विमानतळावरून परत फिरलेले कोल्हापूरकर मला माहीत आहेत. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे.

पण ही झाली फिरायला जाणाऱ्यांची कागदपत्रं. बिनपगारी कामालासुद्धा बऱ्याच देशांत वेगळा परवाना लागतो. ‘टूरिस्ट म्हणून या, कुणी बघत नाही’ असं संस्थेनं सांगितलं तर जाऊ नका. पकडले गेलात तर तुम्ही परत याल, आणि शाळेला त्रास होईल तो पुढची अनेक वर्षं.

लस कोणकोणती?

डॉक्टरांना विचारा, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. केनिया, युगांडा, घाना अशा देशांत जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस हवीच, आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हापासून दाखला लागू होतो आणि तो आयुष्यभर चालतो. दाखल्याशिवाय परत आलात तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही विचारा.

घरचे म्हणतात, मुलगी एकटी परदेशात कशी जाणार?

माझी आई तीन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हती. मी तिला शाळेतल्या वॉर्डन बाईंशी व्हिडिओवर बोलायला लावलं. त्या नेपाळीत, ही कोल्हापुरी मराठीत, मधे मोडकं हिंदी. दोघींनी एकमेकींना जेवायला काय केलंय ते विचारलं. त्यानंतर आईनेच भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला बांधून दिला. घरच्यांशी वाद घालण्यापेक्षा तिथली माणसं त्यांना दाखवा. राहण्याची सोय कुठं, दाराला आतून कडी आहे का, जवळचं हॉस्पिटल किती लांब, हे प्रश्न आईबापांनी विचारले तर चिडू नका. ते तुम्हीही विचारायला हवेत.

श्रवणयंत्रं आणि खुर्च्या गोळा करून नेऊ का?

चांगल्या मनाने केलेली ही गोष्ट बहुतेक वेळा कपाटात जाते. ज्या शाळेत मी होते तिथं एका ट्रंकेत परदेशातून आलेली चाळीसेक यंत्रं पडून होती. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखं आहे, दुसऱ्याचं लावून चालत नाही. मुलाची श्रवणचाचणी करून त्याच्या आलेखाप्रमाणे ते बसवावं लागतं. आवाज जास्त ठेवला तर उरलंसुरलं ऐकणंही बिघडू शकतं. कानात बसणारा साचा प्रत्येक कानाचं माप घेऊन करावा लागतो, आणि लहान मुलाचा कान वाढतो तसा तो काही महिन्यांत सैल होऊन शिट्टी वाजायला लागते. सेल एक-दोन आठवड्यांत संपतात. ते गावात मिळतात का? डोंगरातल्या दमट हवेत यंत्रात पाणी धरतं, त्यासाठी सिलिका जेलची डबी लागते.

न्यायचंच असेल तर शाळेला विचारून सेल, साफ करायचे ब्रश, कोरड्या डब्या, साचे बनवायचं साहित्य न्या, आणि तिथल्या एका शिक्षकाला ते वापरायला शिकवा. खुर्चीचंही तसंच. मापाची नसेल तर पाठ वाकते, बसायच्या जागी जखमा होतात, आणि हॉस्पिटलातल्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली चाकं खडकाळ वाटेवर महिनाभरही टिकत नाहीत. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी मार्गदर्शिका काढली आहे. माप, जुळवणी, शिकवणी आणि दुरुस्ती यांच्याशिवाय खुर्ची देऊ नका, हे तिचं सार.

मुलांचे फोटो टाकले तर चालतात का?

चेहरा ओळखू येईल असे नाही. शाळेनं ‘टाका’ म्हटलं तरी नाही. तुमच्या बहिणीच्या मुलाचा शेंबडा, अर्धा उघडा फोटो तिला न विचारता कुणी परदेशी माणसाने जगाला दाखवला तर काय वाटेल?

इथंच सुरक्षिततेचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०१२ च्या अभ्यासात दिव्यांग मुलांवर हिंसाचार होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या ३.७ पट आढळलं. ज्या मुलाला सांगता येत नाही, किंवा ज्याची भाषा घरात कुणाला येत नाही, त्याला त्रास देणाऱ्याला धाक उरत नाही. म्हणून मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबू नका. आंघोळ, शी-शू ही कामं नेमलेल्या माणसांचीच. भेटवस्तू एकट्या मुलाला देऊ नका. काही खटकलं तर लिहून ठेवा आणि कुणाला सांगायचं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. कर्णबधिर मुलांना शरीराचे भाग, ‘नको’, ‘दुखतंय’, ‘मला आवडलं नाही’ यांच्या खुणा येतात का ते पाहा. येत नसतील तर गणिताच्या आधी त्या शिकवा.

अपंग म्हणायचं, दिव्यांग म्हणायचं की आणखी काही?

सरकारी कागदात आता दिव्यांग आहे, बरेच कार्यकर्ते अजून अपंग म्हणणंच पसंत करतात. समोरच्याला विचारा आणि तो म्हणेल ते वापरा. ‘मुका’ मात्र नको, ‘मूकबधिर’ही सोडून द्या, शाळांच्या जुन्या पाट्यांवर असला तरी. ज्यांना अख्खी भाषा आहे ते मुके कसे?

परत आल्यावर या अनुभवावर विशेष शिक्षक होता येतं का?

नुसत्या अनुभवावर नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी. पण त्या अभ्यासक्रमाला तुम्ही बसाल तेव्हा पुस्तकातल्या प्रत्येक पानावर तुम्हाला एखाद्या मुलाचा चेहरा दिसेल.

मुलं जीव लावतात. निघायचं कसं?

पहिल्या आठवड्यातच सांगून. मी वर्गात भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि जायच्या तारखेभोवती लाल गोल काढला. रोज सकाळी एक मूल कालच्या दिवसावर फुली मारायचं. ‘पुढच्या वर्षी येईन’ असं मी एकदाही म्हटलं नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं, आणि त्या मुलांना अशी बरीच वचनं आधीच मिळाली होती.

शेवटचे दोन महिने मी हळूहळू मागे सरकले. वर्ग तिथल्या एक शिक्षिका घ्यायच्या, मी मागच्या बाकावर बसायचे. मुलांना प्रश्न पडला की ती आधी माझ्याकडे बघायची, मी बोट त्यांच्याकडे करायचे. कर्णबधिर लोक आपल्या माणसाला खुणेचं नाव देतात. मला त्यांनी दुसऱ्याच महिन्यात दिलं होतं, कपाळावरच्या टिकलीवरून. त्या शिक्षिका पाच-सहा वर्षं तिथं शिकवत होत्या, पण खुणा न वापरता नुसत्या बोलून, म्हणून त्यांना नाव नव्हतं. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात मुलांनी त्यांनाही दिलं: गालावरच्या खळीवर टेकवलेलं बोट. त्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांना ते करून दाखवत होत्या.

आठ वर्षांचा तो मुलगा, जो माझ्याकडे बघायचा नाही, त्याने कॅलेंडरवरची शेवटची फुली मारली आणि खडू त्या शिक्षिकांच्या हातात दिला.